जाण्यापुरतं इंजिन

गाळणीत धातूचा चुरा निघतो. चंदेरी, पितळी, कधी काळा. तो रोजचाच. लाल दोरा कधी निघाला नव्हता.

इंजिन नुकतंच चाचणीच्या ओट्यावरून उतरवलं होतं, थंड होताना त्याच्या अंगातून टिक टिक आवाज येत होता. मी पोटाखालचा नट सोडवला, तेलाची गाळणी ओढून काढली, रॉकेलच्या वाटीत खळबळून पांढऱ्या फडक्यावर उपडी केली आणि त्या चुऱ्यात लाल काहीतरी दिसलं. आधी वाटलं, माझ्याच बोटाचं रक्त. थंडीनं सगळ्यांचीच बोटं फुटलेली होती. मग ते चिमटीत धरलं. दोरा होता. तेलानं काळवंडलेला, पण लाल. आणि त्याला गाठी होत्या, एकीला लागून एक, दाटीनं मारलेल्या. लेफ्टनंट साकुमा तिकडून येत होते, नौदलाचे देखरेख अधिकारी, त्यांच्या मागून विभागप्रमुख होत्ता कंबरेत वाकत वाकत. माझ्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात फडकं. मोंपेला, आमच्या कामाच्या सैल विजारीला, खिसा नसतो. मी दोरा तोंडात टाकला. जिभेखाली दाबला आणि मान खाली घातली, इतर वेळी घालत नाही तशी.

लेफ्टनंट फडक्यावर वाकले. चुरा पुष्कळ होता. कुठलंतरी बेअरिंग आतून सोलवटत होतं, गेल्या वर्षी असला चुरा निघाला असता तर इंजिन पुन्हा उलगडलं असतं. पूर्वी एकेक इंजिन दिवसच्या दिवस चालवून बघायचे, आता पेट्रोल नाही म्हणून भात शिजेल एवढा वेळ फिरवतात आणि ओट्यावरून उतरवतात. लेफ्टनंटनी बोटानं चुरा पसरला, बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले, चालेल. होत्ता म्हणाला, जी. मग लेफ्टनंट जाता जाता, जणू स्वतःशीच, म्हणाले, जाण्यापुरतं चाललं की झालं. हे ते रोज म्हणत. नवीन वर्ष लागल्यापासून रोज. त्यात काही लपवाछपवी नव्हती. विमानं एकाच वाटेनं पाठवली जात होती, पोरं बसवून, पोटात बॉम्ब बांधून. परतीचं पेट्रोल का भरायचं, परतीचं बेअरिंग का बसवायचं? हिशेब सरळ होता. सरळ हिशेब करणाऱ्या माणसांचीच मला जास्त भीती वाटते.

ते गेले तरी मी दोरा थुंकला नाही. जिभेनं गाठी चाचपत राहिले. तेलाची चव कडू असते, नाकातून परत येते. गाठींचा अर्थ कुठल्याही बाईनं डोळे मिटून सांगितला असता. सैन्यात जाणाऱ्याच्या कंबरपट्ट्यावर हजार बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ मारायची, गोळी लागत नाही. एका बाईनं एकच गाठ. बारा वर्षांना बारा जनावरं, त्यातल्या फक्त वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला मुभा, तिनं वयाइतक्या मारायच्या, कारण वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो. म्हणजे इतक्या दाटीच्या गाठी मारणारी वाघाच्या वर्षाची. माझ्या हाताखालच्या पोरींत त्या वर्षाच्या बऱ्याच, शाळा सुटल्या सुटल्या कपाळाला पट्टी बांधून इकडे धाडलेल्या. पण सिलिंडरच्या डोक्यावरची झाकणं बसवणारी एकच. सुमिए. बारीक मानेची, कमी बोलणारी, नट आवळताना ओठ चावणारी. झाकणाखाली, स्प्रिंगच्या बाजूला बोट जाईल एवढी जागा असते. तिथे बांधला असणार. गरम तेलात कुजून तुटला आणि वाहत वाहत माझ्यापर्यंत आला.

मला पहिल्यांदा आला तो राग. ह्या दोऱ्याचा मला जुना राग आहे. मी अग्निअश्वाच्या वर्षातली. त्या वर्षाची बाई नवरा खाते म्हणतात. माझ्या आईनं जन्मतारीख पुढच्या वर्षात ढकलायचा प्रयत्न केला होता, गावच्या कचेरीतल्या माणसानं ऐकलं नाही. बाराव्या वर्षी ह्याच इमारतीत सूत कातायला आले, तेव्हा ही सूतगिरणी होती, आणि इथेच माझं तोंड सुरकुतलं. नवरा खायला मिळालाच नाही. एइकिची, माझा धाकटा भाऊ, चीनमध्ये गेला तेव्हा मी स्टेशनासमोर पट्टा घेऊन उभी राहिले, येणाऱ्या जाणाऱ्या बायकांपुढे वाकत, एक गाठ घाला, एक गाठ घाला. वाघाच्या वर्षाची एक म्हातारी भेटली, तिला मी रडत रडत हात जोडले, तिनं थरथरत्या बोटांनी कितीतरी गाठी मारल्या. पट्टा भरत आला तेव्हा मी सुई स्वतःच्या हातात घेतली. आईनं ती काढून घेतली. ओढली नाही, नुसती काढून घेतली, लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तशी. एइकिची तो पट्टा बांधून गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात मेला. माझी गाठ त्यात नव्हती, तरी मेला. तेव्हापासून रस्त्यात कुणी पट्टा पुढे केला की मी मोठ्यानं वर्ष सांगते. बायका पट्टा मागे घेतात. मला त्यात मजा येते, असं मी म्हणायची.

जेवणाच्या सुट्टीत रांगेत मी सुमिएच्या मागे उभी राहिले. सोयाबीनच्या पेंडीचा भात आणि मुळ्याच्या पाल्याचं पाणी. कोपऱ्यात, भूकंपानं तडा गेलेल्या भिंतीशी तिला घेऊन बसले. तो भूकंप झालाच नव्हता, कारण पेपरात आला नव्हता. शेजारच्या खात्यातला एक लेथवाला भूकंपात किती माणसं गेली ते मोठ्यानं बोलला, तर लष्करी पोलीस त्याला घेऊन गेले आणि नंतर त्याच्या बायकोला फक्त त्याचे कपडे न्यायला बोलावलं. धुतलेले होते, घडी घातलेले. एवढं मला माहीत होतं आणि सुमिएलाही माहीत होतं. मी वाटीत तोंड खुपसून विचारलं, किती इंजिनांत? तिनं विचारलं नाही, काय किती. कबूतरासारखी मान हलवून म्हणाली, माझ्या हाताखालून गेली त्या सगळ्यांत. मी म्हटलं, कोण आहे तुझा तिकडे? भाऊ? कुणी पोरगा? तर कुणी नाही. घरी आई आणि दोन बहिणी. मग कशासाठी मरतेस, असं विचारल्यावर तिला उत्तर शोधावं लागलं, म्हणजे इतकं ते तिच्यासाठी साधं होतं.

“मावशी, रस्त्यात बायका मला थांबवतात, तू वाघाची ना, म्हणतात, मी गाठी मारते. अनोळखी माणसांसाठीच मारते की. आणि इथे तर इंजिन माझ्या मांडीशी असतं.”

“आणि दोरा तेलात गेला तर इंजिन बसेल, अक्कल आहे का?”

तिचे ओठ पांढरे पडले. ते तिला सुचलंच नव्हतं. घट्ट बांधला की सुटत नाही, पट्ट्यावर कुठे सुटतो, असं काहीतरी पुटपुटली. मग तिनं वाटी खाली ठेवली आणि इतक्या हळू बोलली की मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. साहेब रोज म्हणतात, जाण्यापुरतं. मला झोप येत नाही, मावशी. म्हणून येण्यापुरतं मी बांधते.

मी तिच्या थोबाडीत मारली असती. तिची वाटी उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, खा. कुणी काही विचारलं तर तुला काही माहीत नाही. तू झाकण बसवतेस, नट आवळतेस, बस्स. ती म्हणाली, जी. ती ज्या तऱ्हेनं जी म्हणाली त्यावरून मला कळलं, हिला खोटं बोलता येत नाही. शाळेत शिकवत नाहीत, गिरणीत शिकवतात.

अंगणात इंजिनं लाकडी चौकटींत घालून ठेवली होती, बैलगाडीची वाट बघत. ट्रक नाहीत, म्हणून आभाळात उडायची वस्तू स्टेशनापर्यंत बैल ओढत. नट तपासायच्या मिषानं पाना घेऊन मी गेले. पोरी ह्या इंजिनाला सूर्यफूल म्हणत, मधे कणा आणि भोवती दोन ओळींत सिलिंडर. मला ते कधी फूल वाटलं नाही. बरगड्या वाटायच्या, सोलून बाहेर काढलेल्या बरगड्या, आणि मधे जिथे काळीज असायचं तिथे भोक. सगळ्यात वरच्या सिलिंडरचं झाकण मी उघडलं. होता. स्प्रिंगशेजारच्या दांडीला गुंडाळलेला, टोकं नीट कापलेली, गाठी एकसारख्या. मी पाना धरून तशीच उभी राहिले. बर्फ भुरभुरत होता, उघड्या झाकणावर मी हात धरला, आत पडू नये म्हणून, मग मलाच हसू आलं, कुणासाठी जपतेयस. काढला तर इंजिन नीट चालणार. नीट चाललं तर आत बसलेला तो कोण असेल तो मरणार. नाही काढला तर इंजिन अर्ध्या वाटेत गुदमरेल, मग एक तर तो समुद्रात पडेल, नाही तर मागे वळून कुठल्यातरी बेटावर उतरेल आणि आणखी काही दिवस भात खाईल. पण दोरा सापडला तर ही पोरगी जाणार, कपड्यांची घडी होऊन. त्या पोराचा चेहरा मला डोळ्यापुढे आणता येईना. आणायला गेले की एइकिची येई, त्याला मी हाकलला. सुमिएचा चेहरा मात्र समोर होता, पेंडीचा कण चिकटलेला ओठाला. ज्याचा चेहरा दिसतो त्याला माणूस वाचवतो. ह्याच्यात नीती बीती काही नाही. मी दोरा काढला. मग दुसऱ्या चौकटीतला, मग त्या पलीकडच्यातला. चुलीत टाकले. ह्या आधी गाडीवर चढून गेलेल्यांना मी काही करू शकत नव्हते.

त्यातलंच एक परत आलं. आठवड्याभरात, त्याच बैलगाडीवर, ताडपत्रीखाली, आणि गाडीमागून चालत लष्करी पोलिसांचा सार्जंट, बुटांचा चिखल दारात काळजीपूर्वक पुसणारा. दक्षिणेच्या तळावरून तक्रार होती. इंजिन हवेत तापून बसलं, वैमानिक मागे वळला, धावपट्टीच्या कडेला उतरला. सार्जंटनं हे असं सांगितलं की जणू वैमानिकानं चोरी केली. घातपात असू शकतो, म्हणाला. सगळ्या बायकांना ओळीत उभं केलं. होत्ता कपाळ पुसत होता त्या थंडीत. लेफ्टनंट हात मागे बांधून उभे, तोंड धुतल्यासारखं पांढरं. मला म्हणाले, कुवायामा, उघडा. मी आधी गाळणी काढली, सवयीनं. ती बाहेर येतानाच हाताला जड लागली. आतला चुरा खडखडला. बेअरिंगच सगळं उतरून आलं होतं, आणि ह्याही इंजिनाचा पहिला चुरा, तो लाल दोरा निघायच्या आधी कधीतरी, लेफ्टनंटनी माझ्याच फडक्यावर बोटानं पसरून चालेल म्हटलेला होता. मी वर बघितलं तर ते माझ्या हाताकडेच बघत होते. सार्जंट म्हणाला, झाकणं. मी गाळणी डाव्या हातात धरून ठेवली आणि उजव्या हातानं झाकणं उघडत गेले, खालून वर, होता होईल तो उशीर करत. सगळ्यात वरच्या झाकणापाशी आले आणि पाना निसटल्याचं नाटक करावं असं मनात होतं, पण सार्जंटनं माझ्या हातून पाना घेतला आणि स्वतःच उघडलं.

दोरा जागच्या जागी होता. धड, एक धागा न तुटलेला. ह्या इंजिनाला त्यानं काहीही केलं नव्हतं.

सार्जंटनं तो खिशातल्या चाकूनं कापला आणि तळहातावर धरून ओळीसमोरून चालत गेला, प्रत्येकीच्या नाकाखाली धरत, भाजी दाखवावी तसा. तो निम्म्या ओळीपर्यंतही पोचला नसेल, सुमिए एक पाऊल पुढे आली. कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाली, माझा आहे. तिचे दात वाजत होते, पण बोलली स्पष्ट. सार्जंटनं अगदी मवाळपणे विचारलं, का बांधलास, मुली? तिनं तोंड उघडलं. ते उत्तर काय आहे हे मला माहीत होतं, आणि ते उत्तर म्हणजे दोऱ्याहून भयंकर होतं. दोरा निष्काळजीपणा ठरला असता, वेडेपणा ठरला असता. पण जो परत यायचा नाही असं ठरलंय तो परत यावा, ही इच्छा गुन्हा होती, आणि त्या गुन्ह्याला आमच्याकडे निष्काळजीपणा म्हणत नाहीत.

“जाण्यासाठी,” मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला, रेडिओवरच्यासारखा. “अर्ध्या वाटेत कच खाऊन माघारी फिरू नये म्हणून. शत्रूच्या जहाजापर्यंत थेट पोचावा म्हणून. ती वाघाच्या वर्षाची आहे, साहेब. वाघ हजार कोस जातो.”

सुमिएनं माझ्याकडे वळून बघितलं. सार्जंटनं पण बघितलं. तो माझ्यासमोर आला, इतका जवळ की त्याच्या गणवेशाचा ओला लोकरीचा वास आला.

“म्हण पुढेही आहे. पूर्ण सांग.”

“मी गिरणीत वाढले, शाळेत नाही,” मी म्हटलं. “मला एवढीच येते.”

कुणीतरी ओळीत खोकलं. पत्र्यावरून बर्फाचा थर घसरून अंगणात पडला, धप्प. सार्जंट हलला नाही. मी त्याच्या खांद्यावरून लेफ्टनंटकडे बघितलं आणि डाव्या हातातली गाळणी नुसती दुसऱ्या बाजूला धरली. आत खडखड झालं. फडकं माझ्यासमोर पसरलेलंच होतं, पांढरं, कोरं. मी ती उपडी केली नाही. फक्त धरली. लेफ्टनंटनी घसा साफ केला. विद्यापीठात शिकलेला माणूस, असेल सत्तावीस अठ्ठावीसचा, माझ्या एइकिचीएवढा झाला असता तेवढा. ते सार्जंटकडे न बघता म्हणाले, “मलाही एवढीच येते.” मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. पुढे बोलत राहिले, की ही भावना उदात्त आहे, की ही गोष्ट वरपर्यंत कळवायला हवी, की पोरींच्या ह्या निष्ठेचं वृत्तपत्रातून कौतुक व्हायला हवं. सार्जंटनं दोऱ्याची गुंडाळी केली आणि खिशात टाकली. त्याला सगळं कळलं होतं. त्याला फक्त हे तोलायचं होतं, की नौदलाच्या अधिकाऱ्याशी वाकडं घ्यावं की नाही. घेतलं नाही. जाताना बूट पुन्हा पुसले.

मी गाळणी रॉकेलमध्ये बुडवली आणि शेवटचा कण निघेपर्यंत धूत राहिले. संध्याकाळी सुमिए माझ्या बाकाशी आली नाही. मला वाटलं घाबरलीय, सावरेल. मला आभार नको होते, पण ती येऊन नुसती उभी राहील अशी माझी समजूत होती. मला स्वतःचा भारी अभिमान वाटत होता, हे इथे सांगून टाकते. शाळा न शिकलेल्या बाईनं एका म्हणीचे दोन तुकडे केले आणि एक पोरगी त्यांच्या तावडीतून काढली. रात्री पांघरुणात मला चक्क हसू आलं.

हुकूम लवकरच आला. प्रत्येक इंजिनाला लाल दोरा बांधायचा. आत नाही, बाहेर, उचलायच्या कडीला, दिसेल असा. वाघाच्या वर्षाच्या पोरींनी बांधायचा, आणि पहिला सुमिएनं. बाहेरचा दोरा इंजिन सुरू झाल्यावर किती वेळ टिकणार, वाऱ्यानं आणि उष्णतेनं, हे होत्तालासुद्धा माहीत होतं. तो म्हणाला, फोटोपुरता टिकला की झालं. मग लगेच त्यानं इकडे तिकडे बघितलं.

फोटोवाला आणि वार्ताहर सकाळच्या उजेडात आले. अंगण झाडलं होतं, इंजिन पुसून चकाकवलं होतं, बैल गाडीसह भिंतीमागे लपवले होते. सुमिएला नवी कपाळपट्टी दिली. ती इंजिनासमोर वाकली, कडीला दोरा बांधला, गाठ मारली, आणखी एक मारली, तिच्या बोटांत कुठे घाई नव्हती आणि कुठे मायाही नव्हती, नट आवळतात तशी आवळत होती. वार्ताहर चांगला माणूस असावा, त्यानं आधी तिला जेवलीस का विचारलं. मग पेन्सिल काढून म्हणाला, ताई, आमच्या वाचकांसाठी तुमच्या शब्दांत सांगा, ही गाठ कशासाठी?

मी लेफ्टनंटकडे बघितलं, ते कॅमेऱ्याकडे बघत होते. सार्जंट आलेला नव्हता, पण दाराशी त्याच्या खात्याचा कुणीतरी उभा होता, सिगरेट हातात, न पेटवलेली. सुमिएनं दोऱ्याचं उरलेलं टोक बोटाला गुंडाळलं. तिला खोटं बोलता येत नाही. परत यावा, फक्त दोन शब्द, आणि तिची आई धुतलेले कपडे न्यायला जाईल. बोल, मी मनात म्हणत होते, माझं बोल, माझं बोल.

“जाण्यासाठी,” सुमिए म्हणाली. “अर्ध्या वाटेत कच खाऊन माघारी फिरू नये म्हणून. शत्रूच्या जहाजापर्यंत थेट पोचावा म्हणून.” एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी जिथे श्वास घेतला होता तिथेच तिनं श्वास घेतला. “वाघ हजार कोस जातो.”

वार्ताहरानं लिहून घेतलं. लेफ्टनंट खाली बघू लागले. दाराशी उभ्या माणसानं सिगरेट पेटवली.

ती वाचली. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन, ह्यात मला तिळमात्र शंका नाही, आणि कुणी मला त्यावर प्रवचन देऊ नये. लोक पांगल्यावर मी तिच्याकडे गेले, म्हटलं, सुमिए, झालं एकदाचं, चल, हात शेकून घे. तिनं कपाळपट्टी सोडली, घडी घातली. मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ती माझ्यापुढे कंबरेतून वाकली, खोल, पाठ सरळ, बराच वेळ, अनोळखी बाईपुढे वाकतात तशी.

“आपले उपकार झाले, कुवायामाबाई,” ती म्हणाली, आणि झाकणं बसवायला आत निघून गेली.